लंकावीचे सहा दिवस आणि जास्तीचं पाणी

मंगळवार

सायकल खोक्यात भरण्याचं काम दादाने अंगावर घेतलं होतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्याचं आयुष्य गेलं, त्यामुळे पाना त्याच्या हातात असला की मी बाजूला बसते. पेडल काढली, हँडल आडवं केलं, मागचा डिरेलर सोडवून जुन्या टॉवेलात गुंडाळला. चेन पुसून पिशवीत. "छोटे, प्रत्येक बोल्ट कुठला ते मी लिहून ठेवलंय," असं म्हणून त्याने खोक्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली. दुपारी साताऱ्याहून निघालो, खंबाटकीत अर्धा तास अडकलो आणि रात्री मुंबई विमानतळावर पोचलो.

माझी साताऱ्यात छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. वय ४४. गोव्याची हाफ आयर्नमन मी पूर्ण केली आहे, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं. आता मलेशियातल्या लंकावी बेटावर पूर्ण अंतर होतं: ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं, सगळं मिळून १७ तासांत. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर हा प्रकार पहिल्यांदा झाला तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी तो पूर्ण केला. तो आकडा मला फार धीर द्यायचा. पंधरातले बारा! मीही त्या बारांतली असेन, असं विमानात डोळे मिटताना वाटत होतं.

बुधवार

क्वालालंपूरला विमान बदलून दुपारी लंकावीत उतरलो. दार उघडल्याबरोबर ओला गरम टॉवेल तोंडावर टाकावा तशी हवा आली. विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंश वर आहे हे बेट. ऊन आपल्या एप्रिलइतकं भाजत नाही, पण घाम वाळतच नाही. अंगावर आला की तिथेच राहतो, ओघळतो, बुटात उतरतो. घाम वाळला तरच शरीर थंड होतं, नुसता गळून गेला तर शरीरातलं पाणी जातं आणि उष्णता तशीच राहते. हे मला पाठ होतं, तरी माझा सगळा सराव झाला होता पहाटे पाचला यवतेश्वरच्या घाटात, नाहीतर पसरणी घाटातून पाचगणीकडे चढताना, आणि शेवटचे दोन महिने पावसामुळे घरात, सायकल जागच्या जागी चालवायच्या ट्रेनरवर, पंखा लावून.

संध्याकाळी दादाने चिठ्ठी बघत सायकल जोडली. एकही बोल्ट उरला नाही.

गुरुवार

सकाळी पंताई कोकच्या किनाऱ्यावर पोहून आले. पंताई म्हणजे किनारा. पाणी कोमट, त्यामुळे वेटसूटचा प्रश्नच नाही, आणि वेटसूट नाही म्हणजे तरंगायला मिळणारी मदतही नाही. समोर हिरवीगार बेटं. डोक्यावर तांबूस अंगाची, पांढऱ्या मानेची घार फिरत होती. ही आपल्या कोकणातलीच ब्राह्मणी घार. लंकावीच्या नावातच ती आहे असं सांगतात: हेलांग म्हणजे गरुड-घारीसारखा पक्षी, आणि कावी म्हणजे तांबूस रंग. कावेचा रंग म्हणतो आपण, तो शब्द इतक्या दूर ऐकून अंगावर काटा आला.

दुपारी चेनांगच्या रस्त्यावर एका टपरीत भात आणि रस्सा घेतला. रस्सा कोमट होता. दादाने वाटीवर बोट ठेवून त्या बाईंना सांगितलं, "गरम, गरम." बाईंनी हसून मिठाची वाटी पुढे केली. मलय भाषेत गरम म्हणजे मीठ! दादाला ते इतकं आवडलं की दिवसभर तो शब्द म्हणत राहिला.

शुक्रवार

सायकल आणि दोन्ही पिशव्या जमा करायचा दिवस. निळी पिशवी सायकलसाठी, लाल धावण्यासाठी. हेल्मेट, बिब, मोजे, ताकदीसाठीच्या गोड जेलची पाकिटं, राजगिऱ्याच्या वड्या. सायकलच्या दांडीवर मी चिकटपट्टीने एक कागद लावला होता: दर १५ मिनिटांनी पाणी, दर ३० मिनिटांनी जेल, दर तासाला मिठाची एक कॅप्सूल. घड्याळातही पंधरा मिनिटांची घंटी लावून ठेवली.

या कागदाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आमच्या धावणाऱ्या मंडळींत एक वाक्य सगळे एकमेकांना सांगतात: तहान लागायच्या आधी प्या, तहान लागली म्हणजे उशीर झाला. मलाही पहिल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीपासून हेच सांगितलं गेलं आणि मीही नव्या मुलींना हेच सांगत आले. गोव्यात मी असंच पीत गेले आणि काही बिघडलं नाही. सात-आठ तासांत निभावलं ते सोळा तासांतही निभावेल, असा हिशेब मी धरला. माझं वजन ५८ किलो, वेग मंद. जो मंद त्याला जास्त वेळ मिळतो, आणि जास्त वेळ म्हणजे जास्त पाणी प्यायची संधी. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या जिममधल्या काट्यावर उभी राहिले: ५८.२.

शनिवार

तिथे सूर्य सातनंतर उगवतो. अंधारात दादाने माझ्या पाठीवरची ट्रायसूटची चेन वर ओढली आणि म्हणाला, "जा. मी चेनांगच्या रस्त्यावर असेन." आई गेल्यावर तिची अंगठी माझ्याकडे आली, ती मी कधी काढत नाही. तिला हात लावून पाण्यात शिरले.

पोहणं चांगलं झालं. दोनदा हातावर जेलीफिशचे दोरे ओढले गेले, आग झाली, पण स्ट्रोक मोडू दिला नाही. १ तास ३४ मिनिटांनी बाहेर आले. मर्यादा २ तास २० मिनिटांची होती, म्हणजे मी खूप आधी होते. सायकलवर बसताना मनात आलं की आजचा दिवस आपला आहे.

पहिल्या फेरीत भाताची खाचरं, रबराची झाडं, शाळेच्या फाटकाशी उभी राहून ओरडणारी मुलं. बेटाच्या वायव्येला दाताईकडे रस्ता जंगलात शिरतो. तिथले चढ पसरणीसारखे लांब नाहीत. आखूड आहेत, पण खडे, आणि एक संपला की लगेच दुसरा. रस्त्याच्या कडेला माकडं बसलेली. घड्याळाची घंटी वाजली की मी प्यायची. प्रत्येक एड स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या पाणी-खाण्याच्या टेबलाशी, रिकामी बाटली टाकून भरलेली घ्यायची. दहा वाजल्यानंतर ऊन असं चढलं की बाटलीतलं पेय चहासारखं लागायला लागलं.

९० किलोमीटरनंतर गोड काही नकोसं झालं. जेल तोंडात धरवेना. उन्हात दमलेलं शरीर रक्त त्वचेकडे आणि पायांकडे पाठवतं, पोटाकडे थोडंच उरतं, मग पोटात गेलेलं तिथेच पडून राहतं. त्यावर मी उपाय शोधला की जेल बंद आणि साधं पाणी चालू. मिठाच्या कॅप्सूलही दोन चुकल्या. पाणी मात्र एकदाही चुकलं नाही.

मग पाऊस आला. तिकडचा दुपारचा पाऊस आपल्या वळवासारखा असतो, आभाळ काळं होतं आणि अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा होतो. ब्रेक जपत उतरत होते. हवा एकदम थंड झाली, इतकी की अंगावर शहारे आले. घाम थांबला होता. आणि तरीही घंटी वाजली की मी पीतच राहिले. कागदावर तसं लिहिलं होतं ना.

त्या दिवसातली हीच जागा मला पुन्हा पुन्हा आठवते. पावसात भिजत, थंडीने कुडकुडत, तहान अजिबात नसताना मी पाणी गिळत होते. पोटात पाणी डुचमळतंय हे ऐकू येत होतं.

साधारण १४० किलोमीटरवर हँडलवरच्या हाताकडे लक्ष गेलं. आईची अंगठी बोटात रुतली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगलं होतं. घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला. वाटलं, उन्हाने सूज आली असेल.

७ तास ५२ मिनिटांत सायकल संपली. मर्यादेला अजून जवळजवळ तास होता. डोकं जड झालं होतं आणि गुडघा दुखत होता, म्हणून लाल पिशवीतली वेदनाशामक गोळी घेतली आणि वर दोन ग्लास पाणी. ही दिवसातली दुसरी मोठी चूक. या जातीच्या गोळ्यांनी मूत्रपिंड पाणी बाहेर टाकायला आणखी कुचराई करतं.

पहिले दहा किलोमीटर चालत-पळत ठीक गेले. अंधार पडला. चेनांगच्या दुकानांचे दिवे, खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणारे पर्यटक, आणि दर फेरीला दादा. हातात केळं घेऊन उभा, पण बाहेरच्यांकडून काही घ्यायचं नाही हा नियम त्याला माहीत होता, म्हणून तो ते स्वतःच खायचा आणि मला हात दाखवायचा. सोळाव्या किलोमीटरला उलटी झाली. नुसतं पाणी, जसंच्या तसं. स्वयंसेवक मुलीने पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, पाणी हवं का? मी हो म्हटलं. उलटीत गेलं तेवढं भरून काढायला हवं, असा माझा विचार. प्रत्येक टेबलावर दोन पेले.

यानंतरचं मला तुटक आठवतं. हाताला फेरीचे रबरी पट्टे होते, ते मी मोजत होते आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. समुद्र डावीकडे असायला हवा की उजवीकडे, यावर बराच वेळ विचार केला. २४ किलोमीटरच्या आसपास दादा दिसला. तो नेहमीसारखं ओरडला नाही. दोन पावलं माझ्या बाजूने चालला आणि म्हणाला, "छोटे, तोंड सुजलंय तुझं. लॅबचा फोन नंबर सांग."

गेली पंधरा वर्षं मी जो नंबर रिपोर्टवर छापते, तो मला सांगता आला नाही. दादाने पुढच्या टेबलावरच्या स्वयंसेवकांना हाक मारली.

वैद्यकीय तंबूत डॉक्टरीणबाईंनी तीन प्रश्न विचारले. दिवसभरात किती प्यायलात? लघवीला किती वेळा गेलात? उलटीत काय पडलं? मग काट्यावर उभं केलं: ५९.८. सोळा तासांची शर्यत, तेरा तास झालेले, आणि मी आदल्या संध्याकाळपेक्षा जड होते. हातात मावणाऱ्या यंत्रावर रक्ताचा थेंब टाकला. थोड्या वेळाने छोटा कागद बाहेर आला. सोडियम १२९.

हा आकडा मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १३५ ते १४५ ही मर्यादा मी रोज किती रिपोर्टांवर छापते. जास्तीच्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. आमच्याकडे सोडियमसाठी येणारी बहुतेक मंडळी म्हातारी असतात, लघवी वाढवणाऱ्या 'पाण्याच्या गोळ्या' चालू असलेली. घरचे सांगतात, कालपासून असंबद्ध बोलतायत, नातवाचं नाव विसरलेत. मी नमुना लावते, आकडा बघते, डॉक्टरांना फोन करते. अशा कितीतरी आजी-आजोबांचा हात मी रक्त काढताना धरला असेल. तंबूतल्या त्या पलंगावर मला त्यांचेच चेहरे दिसत होते.

मी सलाईन लावतील म्हणून हात पुढे केला. बाईंनी तो हळूच खाली ठेवला. साधं सलाईन दिलं तर त्यातलंही पाणी शरीर धरून ठेवील, म्हणाल्या. अशा श्रमात, मळमळीत, पाणी राखायचा हुकूम देणारं हॉर्मोन रक्तात चढलेलं असतं, त्यामुळे मूत्रपिंडाची तोटी जवळजवळ बंद. आकडा आणखी खाली असता किंवा झटके आले असते तर तीन टक्क्यांचं जास्त खारं सलाईन दिलं असतं. मला त्यांनी खारट, घट्ट सूप दिलं, अगदी थोडं, आणि लघवी होईपर्यंत पाण्याचा घोट नाही. मग पायातल्या, वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा कात्रीने कापला. माझी शर्यत तिथेच संपली.

रात्रीचे पावणेनऊ झाले होते. १८ किलोमीटर उरले होते आणि साडेतीन तासांहून जास्त वेळ हातात होता. नुसती चालत गेले असते तरी पोचले असते. मी खूप रडले. दादा सूपचा पेला धरून बसला होता. "गरम आहे का?" मी विचारलं. "दोन्ही," तो म्हणाला.

रविवार

रात्रभर लघवी. बंद पडलेली तोटी उघडली. सकाळी जिमच्या काट्यावर ५७.९, आणि अंगठी बोटात आपली आपण फिरत होती.

किनाऱ्यावर बसून वहीत हिशेब मांडला. सायकलवर साडेआठ ते नऊ लिटर, म्हणजे तासाला ११०० मिलिलीटरच्या आसपास. धावताना पेले मोजले नाहीत, पण दोन लिटर नक्की. जेल मिळून कर्बोदकं तासाला ३० ग्रॅमही भरली नाहीत, ठरवली होती ६०.

मग फोनवर जुने शोधनिबंध वाचले. हे सगळं शर्यतीआधी वाचायला हवं होतं, आणि माझ्या व्यवसायात असून वाचलं नव्हतं, याचं मला खरं दुःख आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या टिम नोक्स यांनी लांब अंतराच्या स्पर्धकांमधल्या या पाण्याच्या विषबाधेबद्दल १९८५ मध्येच लिहिलं होतं. तिथली कॉम्रेड्स ही मॅरेथॉनहून लांब शर्यत आपल्याकडचे किती धावपटू दरवर्षी धावायला जातात! २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि धोका सगळ्यांत जास्त कुणाला, तर शर्यतीत वजन वाढलेल्यांना, चार तासांहून जास्त वेळ लावणाऱ्यांना आणि अंगाने किरकोळ असणाऱ्यांना. तिन्ही खुणा माझ्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कार्ल्सबाडला जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं की तहान लागेल तसं प्यावं. आणि मीठ? मिठाच्या गोळ्या पिण्याचा अतिरेक भरून काढत नाहीत. माझ्या त्या दोन चुकलेल्या कॅप्सूल घेतल्या असत्या तरी फार फरक पडला नसता. मूळ कारण पाणीच होतं.

हे मी इतकं सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडे पाणी कमी पडण्याबद्दल सगळे बोलतात. ते खरंही आहे, उन्हाळ्यातल्या शर्यतीत त्यानेही माणसं कोसळतात. पण अंगठी घट्ट होणं, पट्टा रुतणं, पोट डुचमळणं, साध्या पाण्याची उलटी, आकडे न लागणं यांतलं काही दिसलं तर पाणी पाजू नका, वजन बघा, हे आमच्या गटात मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी मी गटातल्या तिघींना फोन केले आणि पूर्वी दिलेला सल्ला मागे घेतला. त्यातली एक पुढच्या वर्षी गोव्याला उतरणार आहे. तिला माझं वाक्य तोंडपाठ होतं.

सोमवार

निघायच्या आधी महसुरीच्या समाधीवर गेलो. खोट्या आळावरून मारलेली तरुण बाई, तिचं रक्त पांढरं निघालं आणि तिने बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला, अशी कथा. विहिरीजवळ सावली होती, तिथे बराच वेळ बसलो. मग कुआहच्या धक्क्याजवळचा १२ मीटर उंच घारीचा पुतळा पाहिला, दादाने वहिनीसाठी चॉकलेटं घेतली आणि खोक्यासकट विमानतळावर. हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाची पांढरी नक्षी वाळली होती. ती मी धुतली नाही.

मार्च, सातारा

लॅब दुपारी दोन ते चार बंद असते. त्या वेळात मी संगम माहुलीच्या रस्त्याने धावते, तासभर, भर उन्हात. निघण्याआधी आणि परतल्यावर घाम पुसून काट्यावर उभी राहते, मध्ये प्यायलेलं पाणी हिशेबात धरते. पहिल्या दिवशी ७२० ग्रॅमची घट आली. दुसऱ्या दिवशी ६८०. सायकलवर पंखा नसताना ६४०. लंकावीत मी तासाला ११०० पीत होते.

घड्याळातली घंटी काढून टाकली आहे. बाटली हाताशी असते, तहान लागली की पिते. पहिले काही दिवस भीती वाटायची, इतक्या वर्षांची सवय. जेलऐवजी मेतकूट-भाताचे छोटे गोळे करून सायकलवर खाऊन बघतेय. चौथ्या तासालाही ते पोटात बसतात, कधीकधी नाही बसत, तेव्हा वेग उतरवते आणि पाच मिनिटं थांबते.

आकडे दादा लिहितो. रविवारी तो वही घेऊन अंगणात बसलेला असतो, मी फाटकातून आत आले की आधी काट्याकडे बोट दाखवतो. काल घट ७०० आली, हवेत ढग असताना ५५०. त्याने दोन्ही आकड्यांपुढे हवा लिहिली, खाली रेघ ओढली आणि विचारलं, "आता पावसात किती, ते कधी बघायचं?"